रविवारी गोड खायला टाउनला (दक्षिण मुंबईत), कोण कोण येतंय?

मंदार (ए-१०३): लोकहो, मागच्या मीटिंगच्या शेवटी विषय निघालेला ना की सुट्टीत एक रविवार सगळ्यांनी मिळून नुसतं खायला बाहेर पडायचं. जेवायला नाही, खायला. तर ह्या रविवारी जमवूया का? गोडाचं मुख्य, मधेमधे तिखट. जागा सुचवा आणि किती जण येताय तेही टाका

सेक्रेटरी (सी-२०१): कल्पना चांगली आहे परंतु हा सोसायटीचा ऑफिशियल ग्रुप आहे. लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) मेसेज वर जात आहेत. कृपया थोडक्यात.

शुभदा वहिनी (बी-४०४): अहो सर लिफ्ट बाराही महिने बंदच असते, होऊ दे की जरा चर्चा

ईशा (बी-४०४): स्टेशनजवळ नवीन डेझर्ट कॅफे झालंय, बिंगसू मिळतं. कोरियन. दुधाचा बर्फ एकदम भुसभुशीत किसतात आणि वरून आंबा. चालत जाता येईल सगळ्यांना

मंदार: गेलेलो गं. बर्फ मस्त असतो खोटं कशाला बोलू, पण एका वाटीला साडेतीनशे, बसायला चार खुर्च्या आणि बिलात सर्व्हिस चार्ज. सर्व्हिस म्हणजे काय तर आपला नंबर ओरडतात आणि आपण उठून आणायचं

नेने काका (ए-३०२): मंदार, अरे गोड खायचं तर गिरगावात चला. मी जन्मल्यापासून लग्न होईस्तोवर ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलो, तिथली गल्ली न् गल्ली पाठ आहे. फणसवाडीत विनय हेल्थ होम आहे, १९४० पासून, तिथे मिसळ खायची, तर्री वेगळी मागायची. मग पणशीकरांकडे नाहीतर प्रकाश दुग्ध मंदिरात पियूष. आणि एक सांगतो, आम्ही गिरगावकर सगळे बोरिवली, डोंबिवली, विरारला पांगलो, कुणाच्या चाळी पडल्या, कुणाच्या मेट्रोत गेल्या, पण ही हॉटेलं काही आमच्यामागे आली नाहीत, ती तिथेच राहिली. रविवारी जाऊन बघा, निम्मं गिऱ्हाईक ट्रेननं आलेलं असतं, नातवंडाला घेऊन. नातवंड मोबाईलमध्ये आणि आजोबा वेटरला विचारतायत तुझे मालक कसे आहेत.

डॉक्टर ताई (बी-१०२): काका, पियूष? मागच्या महिन्याचा रिपोर्ट मी बघितलाय तुमचा

नेने काका: शुगरचं एचबीएवनसी सातच्या आत आहे. काकूला विचार.

नेने काकू (ए-३०२): सातच्या आत नाहीये. सात पॉइंट चार.

शेट्टी अण्णा (ए-२०४): टाउनलाच कशाला जायला पाहिजे सर, उपनगरात पण हिस्ट्री आहे. नॅचरल्स आइस्क्रीम जुहूला सुरू झालं १९८४ ला, आमच्या मंगळूरच्या बाजूचे कामत. वडील फळं विकायचे त्यांचे. सुरवातीला आइस्क्रीमसोबत पावभाजी पण ठेवलेली, नुसत्या आइस्क्रीमसाठी लोक येतील की नाही म्हणून. तिखट खाल्लं की आपोआप थंड मागतात

मंदार: अण्णा हे भारी आहे. पण आता नॅचरल्स आपल्या गल्लीच्या तोंडाशी पण आहे, त्यासाठी रविवार नको घालवायला

ईशा: मग ताज आइस्क्रीम! भेंडी बाजार, बोहरी मोहल्ला. १८८७ पासून आहे ते. मशीन नाही, अजून हाताने संचा फिरवतात. आत्ता आंबा असेल त्यांच्याकडे, खऱ्या आंब्याचा

सोहम (सी-१०४): संचा म्हणजे?

नेने काका: अरे लाकडाचं पिंप असतं, आत धातूचा डबा, डब्यात आटवलेलं दूध न् फळं. डबा न् पिंप ह्यांच्या मधे बर्फ आणि खडे मीठ ठासून भरायचं आणि वरून दांडा फिरवत बसायचं. मीठ घातलं की बर्फ वितळतो पण गार होतो शून्याच्या खाली, म्हणून दूध गोठतं. नुसत्या बर्फात गोठत नाही. आम्ही चाळीत कोजागिरीला भाड्याने आणायचो, पाळीपाळीने फिरवायचो, आणि मीठ आत गेलं की अख्खा मजला खारट आइस्क्रीम खायचा, फेकायचं नाही असा नियम.

सोहम: भारी

शहा भाभी (सी-४०२): ईंडा नको हां. मावा केकमध्ये ईंडा असतो ना? आणि मालपुवामध्ये?

ईशा: मावा केकमध्ये असतो भाभी. मोहम्मद अली रोडच्या मालपुव्यात पण बहुतेक ठिकाणी असतो. फिरनी चालेल तुम्हाला, तांदूळ आणि दूध, मातीच्या वाटीत. सुलेमान उस्मान कडे छान मिळते, १९३६ चं दुकान आहे

शहा भाभी: फिरनी ओके. कुल्फी ओके. फालूदा पण ओके

मंदार: फालूदा म्हटलं की बादशाह, क्रॉफर्ड मार्केटसमोर. १९०५. पण थांबा आता. यादी वाढत चाललीये, माझ्या मनातलं धोबीतलाव नि चर्चगेट, वर गिरगाव, भेंडी बाजार, क्रॉफर्ड, एका दिवसात नाही होणार, तिसऱ्या ठिकाणीच सगळे आडवे होतील. भेंडी बाजार खरं रात्रीचा. तो वेगळा ठेवू, एखाद्या शनिवारी फक्त ताज आणि फिरनी. ह्या रविवारी गिरगावची बाजू

ईशा: ओके पण प्रॉमिस

शुभदा वहिनी: रविवारी माझी संकष्टी आहे. चंद्रोदय रात्री उशिरा. मी काय खाणार?

नेने काकू: शुभदा, पियूष उपासाला चालतं. साबुदाणा वडा चालतो. कुल्फी चालते. तुझीच चैन आहे, मिसळ आम्ही खाणार

डॉक्टर ताई: एकादशी अन् दुप्पट खाशी

शुभदा वहिनी: संकष्टी आहे, एकादशी नाही. त्यामुळे दुप्पट नाही, दीडपट. बरं पियूष घरी करते मी, उरलेल्या श्रीखंडात ताक घालून जायफळ केशर, पण तिकडच्यासारखं होत नाही. पातळ तरी होतं नाहीतर ताक ताक लागतं

नेने काकू: ताक आंबट नको. आणि उरलेल्या श्रीखंडाचं नकोच, त्यात आधीच विकतची साखर चिक्कार. चक्का घ्यायचा, त्यात साखर आपल्या हिशोबाने, मग गोड ताक किंवा थोडं दूध, आणि फ्रीजमध्ये दोन तास तरी ठेवायचं. वर चारोळी. पेल्याला आतून लागून खाली सरकलं पाहिजे सावकाश, पाण्यासारखं धावायला नको. पणशीकरांचं तसं असतं. मी लग्न होऊन गिरगावात आले तेव्हा पहिल्यांदा प्यायले, आमच्याकडे कोकणात कोण करतंय पियूष

सेक्रेटरी: प्रवास कसा करणार आहात? बस करायची असल्यास सोसायटीच्या फंडातून खर्च होणार नाही, आधीच स्पष्ट करतो.

ईशा: मेट्रो! तीन नंबरच्या लाईनवर गिरगाव स्टेशन झालंय आता, थेट तिथेच उतरायचं. एसी

सेक्रेटरी: थेट नाही. सात नंबरने गुंदवली, तिथून हायवेच्या स्टेशनला एक नंबर पकडा, मरोळ नाक्याला पुन्हा बदला, मग तीन नंबर. मी स्वतः केलेला आहे हा प्रवास. ज्येष्ठ नागरिकांना चढउतार फार पडेल. लोकल बरी. मात्र रविवार आहे, रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा जंबो ब्लॉक पाहून निघावे.

मंदार: बघा, सेक्रेटरी साहेब येतायत 😄

सेक्रेटरी: मी फक्त माहिती दिली.

मंदार: माझा रूट असा आहे, नीट वाचा. दुपारी निघायचं, मरीन लाइन्सला उतरायचं. मेट्रो सिनेमासमोर कयानी, १९०४ चं इराणी, तिथे चहा, बन मस्का, मावा केक. भाभींना बन मस्का. बसायला संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आहेत, पण गप्पा मारत बसायचं नाही, मागे लोक उभे असतात. तिथून प्रिन्सेस स्ट्रीटला पारसी डेअरी, १९१६ ची. मग चालत ठाकूरद्वार, काका पुढे, आम्ही मागे. तिथे मिसळ, साबुदाणा वडा, पियूष. मग चौपाटी, कुल्फी. मग रात्री चर्चगेटला के. रुस्तमचं आइस्क्रीम

नेने काका: पारसी डेअरीत मावा नी बोई असली तर बघा मुलांनो, माशाच्या आकाराची माव्याची मिठाई, वर चांदीचा वर्ख. पारशांच्या घरी शुभकार्याला लागते. शहा भाभी, आकार माशाचा आहे फक्त, आत दूधच आहे

शहा भाभी: आकार पण नको 😂 तुम्ही खा

डॉक्टर ताई: मंदार, पाच ठिकाणी पाच गोड पदार्थ म्हणजे ज्यांना शुगर नाही त्यांनाही जड होईल. प्रत्येक ठिकाणी चौघांत एक घ्या. खरंच सांगते. चवीची मजा पहिल्या दोन घासांतच असते, पुढे आपण पैसे वसूल करत असतो. आणि गोडानंतर लगेच गोड नको, मधे मिसळ आली पाहिजे. काका, तुम्हाला कुल्फी किंवा पियूष, दोन्हीतलं एक. चालणं मात्र सगळं करायचं

नेने काका: कुल्फी. पियूष हिच्यातलं घोटभर.

सोहम: कुल्फी आणि आइस्क्रीम मधे फरक काय मग, दोन्ही दूधच ना

ईशा: आइस्क्रीम गोठताना घुसळतात म्हणून त्यात हवा जाते, हलकं होतं. कुल्फीचं दूध आटवून साच्यात भरून तसंच गोठवतात, हवा नाही, म्हणून घट्ट असते आणि हळू वितळते

मंदार: आणि चौपाटीला न्यू कुल्फी सेंटरला ती वजनावर मिळते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं गंमत करतायत. तू फ्लेवर सांगायचा, तो साच्यातनं काढणार, काट्यावर ठेवणार, कमी पडली तर दुसरीचा तुकडा तोडून टाकणार, मग सुरीने खटाखट चौकोनी तुकडे करून हातात देणार. उभ्या उभ्याच खायची. चौघांत वाटायला ह्यापेक्षा सोपं काही नाही, डॉक्टर ताईंचा नियम तिथे आपोआप पाळला जातो

शेट्टी अण्णा: चौपाटीला बॅचलर्स म्हणून दुकान आहे, तिथे हिरवी मिरचीचं आइस्क्रीम पण भेटतं. ट्राय करा कोणीतरी

सोहम: मी करणार

सोहमची आई (सी-१०४): एक चमचा. आणि पाण्याची बाटली स्वतःची न्यायची

शुभदा वहिनी: एक शंका. चौपाटीवरून चर्नी रोडला गाडी पकडली की सरळ घरी. मग के. रुस्तमसाठी चर्चगेटला का जायचं? उलटं नाही का ते?

मंदार: वहिनी त्यासाठीच तर शेवटी ठेवलंय! रविवारी रात्री चर्नी रोडला बोरिवली पकडून बघा, नेने काकू उभ्या येतील अंधेरीपर्यंत. दोन स्टेशनं उलटं चर्चगेटला जायचं, तिथून गाडी सुटते, सगळ्यांना बसायला जागा. स्टेशनबाहेर थोडं चाललं की ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम, १९५३ पासून. सँडविच घ्यायचं, म्हणजे आइस्क्रीमची जाड वडी आणि दोन बाजूंना दोन वेफर बिस्किटं, बास. अक्रोडवालं मला आवडतं. कागदात देतात, बोलत बसलात की कोपऱ्यातनं कोपरापर्यंत ओघळ येतो, त्यामुळे आधी खायचं मग फोटो. ईशा हे तुला आहे

ईशा: 🙄

शुभदा वहिनी: हां मग पटलं. विंडो सीटसाठी आइस्क्रीम खाऊ शकते मी

नेने काकू: मंदार मिसळ किती वाजता पोचेल हिशोबाने? तिथे दुपारी बंद ठेवत असतील तर? ह्यांना गिरगावची वेळ आठवते ती पन्नास वर्षांपूर्वीची

मंदार: काकू मी शनिवारी फोन करून सगळीकडच्या रविवारच्या वेळा विचारतो. एखादं बंद निघालं तर तांब्यांचं हॉटेल आहे, गिरगावात उपाशी राहायची वेळ येत नाही

नेने काका: तांब्यांकडे गेलो तर मग थालीपीठ. मिसळ नाही. आधीच सांगतो, तिथे गेल्यावर वाद नको.

सेक्रेटरी: पैशाचे कसे? नंतर ग्रुपवर हिशोब नको. मागच्या होळीचे दोघांचे अजून आलेले नाहीत, नाव घेत नाही.

मंदार: प्रत्येकी पाचशे आधी माझ्याकडे जीपे. उरले तर मावा केकचं पार्सल. शिवाय सुट्टे पैसे थोडे कॅश ठेवा, जुन्या ठिकाणी गर्दीत क्यूआर शोधत बसायला नको

शुभदा वहिनी: पार्सलला स्टीलचा डबा आणते मी मोठा, खोक्यात मावा केक चेंगरतात ट्रेनमध्ये. खारी घेतली तर ती माझ्या पिशवीत नको, बोरिवलीला चुरा निघतो

मंदार: तर आत्तापर्यंत. नेने काका काकू २, शुभदा वहिनी आणि ईशा २, शहा भाभी १, डॉक्टर ताई १, सोहम आणि आई २, मी १. अण्णा?

शेट्टी अण्णा: रविवार दुपारी हॉटेल सोडता येत नाही सर. रात्री चर्चगेटला डायरेक्ट येतो, रुस्तमला

मंदार: १०. अजून कोणी?

सेक्रेटरी: माझे व सौ. यांचे नाव घ्यावे. सौ. ना मावा केक हवा आहे. दुपारी ३ वाजता गेटवर जमावे, ३.०५ ला निघणार, कोणासाठी थांबणार नाही.

शहा भाभी: मंदारभाई माझी ननंद पण येते सुरतहून, एक वाढवा. ती कांदा लसूण पण नाय खात

नेने काका: मग तिला घेऊन मी आधीच पियूषला जाऊन बसतो, तुम्ही मिसळ खाऊन या.

डॉक्टर ताई: काका.