बेसबॉल संघाने सुरुवातीच्या पिचरांची फळी हिवाळ्यात कशी उभारावी? बॉस्टन रेड सॉक्सच्या निमित्ताने

फेनवेप्रेमी

नमस्कार मंडळी,

रेड सॉक्सचा 2025 चा मोसम न्यू यॉर्क यँकीजविरुद्ध यँकी स्टेडियमवर ज्या तऱ्हेने संपला, त्यावरून एक प्रश्न मनात घोळतो आहे. वाइल्ड कार्ड मालिकेचा (बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याचा) पहिला सामना आपला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, गॅरेट क्रोशे याने जवळजवळ एकहाती जिंकून दिला. नऊपैकी दुसऱ्या इनिंगमध्ये यँकीजच्या व्होल्पेने होम रन मारल्यावर त्याने ओळीने सतरा फलंदाज बाद केले आणि आठव्या इनिंगमधला त्याचा शेवटचा, म्हणजे 117वा चेंडू ताशी 100 मैलांहून अधिक वेगाने गेला. दुसऱ्या सामन्यात मात्र ब्रायन बेयोला तिसऱ्याच इनिंगमध्ये बदलले गेले. निर्णायक तिसऱ्या सामन्यासाठी, लुकास जिओलिटो कोपराच्या दुखापतीमुळे उपलब्ध नसल्याने, मेजर लीगमध्ये अवघे चार सामने खेळलेल्या कॉनेली अर्लीच्या हाती चेंडू द्यावा लागला. समोर कॅम श्लिटलरने आठ इनिंगमध्ये बारा फलंदाज स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि आपण 4-0 असे हरलो.

अर्लीला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सप्टेंबरमध्ये पदार्पणातच अकरा स्ट्राइक आउट करणारा तो गुणी मुलगा आहे. माझा प्रश्न त्याला त्या दिवशी तिथे उभे करावे लागण्यापर्यंतच्या वाटचालीविषयी आहे, कारण 2024 च्या हिवाळ्यात व्यवस्थापन स्वस्थ बसले नव्हते. क्रोशेला ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आणले, वॉकर ब्यूलरशी एका वर्षाचा करार केला, पॅट्रिक सँडोव्हालला दोन वर्षांसाठी घेतले. कागदावर सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांची ही फळी भक्कम दिसत होती.

आता, 2025-26 च्या हिवाळ्यात, सेंट लुइस कार्डिनल्सकडून पिचर सोनी ग्रे आला आहे. त्याच्या पगारातील 2 कोटी डॉलरचा भार कार्डिनल्सने उचलला, पण तो 36 वर्षांचा आहे. फ्रॅम्बर वाल्डेझ आणि रेंजर स्वारेझ हे दोन डावखुरे पिचर या हिवाळ्यात अजून करार न होता बाजारात आहेत. अशा वेळी संघाने नेमके काय करावे? आणखी एका मोठ्या नावावर पैसा लावावा, की अर्ली आणि पेटन टोली या आपल्या तरुण पिचरांवर विश्वास टाकून तो पैसा फलंदाजीकडे वळवावा? फळी उभारताना आधी कशाचा विचार करायचा असतो, हे जाणकारांनी उलगडून सांगितले तर आनंद होईल.

वूस्टरकर

प्रश्न चांगला मांडला आहे. माझ्या मते या कामाची सुरुवात नावांपासून न करता इनिंगच्या हिशेबापासून करावी.

एका मोसमात 162 सामने असतात, म्हणजे साधारण 1450 इनिंग पिचिंग लागते. हल्ली सुरुवातीचा पिचर सरासरीने पाच इनिंगहून थोडे अधिक टाकतो. याचा अर्थ सुमारे 850 इनिंग या फळीकडून यायला हव्यात आणि उरलेला भार बुलपेनवर, म्हणजे नंतर बदली येणाऱ्या पिचरांवर, पडतो. पाच जणांनी प्रत्येकी 170 इनिंग टाकल्या तर हिशेब जुळतो. पण पाचही जण वर्षभर धडधाकट राहिले असा संघ शोधून सापडणे कठीण. म्हणून हिवाळ्यात व्यवस्थापनाने स्वतःला विचारायचा प्रश्न हा की सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिचरकडून मिळून दोन-अडीचशे इनिंग येणार असतील, तर ते तिघे कोण आहेत आणि त्यांचा दर्जा काय आहे.

रेड सॉक्सचेच उदाहरण घ्या. 2024 मध्ये टॅनर हाउकने 178 आणि कटर क्रॉफर्डने 183 इनिंग टाकल्या होत्या. दोघांच्या मिळून 360 हून अधिक इनिंग झाल्या आणि 2025 साठी त्या जवळजवळ गृहीत धरल्या गेल्या. प्रत्यक्षात क्रॉफर्ड दुखापतींमुळे वर्षभर मैदानात उतरलाच नाही. हाउक नऊ सामने खेळला, त्यात त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) आठच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातला अस्थिबंध नव्याने बसवण्याची) झाली. सँडोव्हालच्या कोपराची शस्त्रक्रिया करारापूर्वीच झालेली होती. तो मोसमाच्या उत्तरार्धात परतेल ही आशा होती, तीही फळाला आली नाही. ब्यूलरचा ईआरए पाचच्या वर राहिला आणि ऑगस्टमध्ये त्याला मुक्त करावे लागले. जुलैअखेर डस्टिन मे या पिचरला आणले, तर त्याचाही मोसम कोपराच्या दुखण्याने संपला. क्रोशेने 205 इनिंग टाकून अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला नसता, तर हा संघ ऑक्टोबरपर्यंत पोहोचलाच नसता.

इथे मला सर्वांत अधिक खटकलेला निर्णय निक पिव्हेटाचा आहे. 2.1 कोटी डॉलरची क्वालिफाइंग ऑफर (जुन्या संघाने देऊ केलेला ठरावीक रकमेचा एका वर्षाचा करार) त्याने नाकारली, तेव्हा भरपाई म्हणून ड्राफ्टमधील (नवोदितांच्या वार्षिक निवडीतील) एक जादा निवड मिळेल यात समाधान मानून त्याला जाऊ दिले गेले. बरोबर तितक्याच रकमेला नंतर ब्यूलरला घेतले. पिव्हेटाने सॅन डिएगोशी चार वर्षांचा 5.5 कोटी डॉलरचा करार केला आणि 2025 मध्ये 2.87 च्या ईआरएने 181 इनिंग टाकल्या. तो इतका चांगला खेळेल हे कोणालाही आधी सांगता आले नसते, हे मान्य. पण दरवर्षी नेमाने चेंडू हाती घेणारा, शरीराने खणखणीत असा पिचर आपल्याकडे होता आणि त्याच्या जागी आपण शस्त्रक्रियांतून उठलेला पिचर घेतला, हे त्या वेळीही दिसत होते. ब्यूलरची दोनदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली होती. एका फळीत असा धोका एक असावा, फार तर दोन. आपण तीन-चार एकत्र बांधले.

ग्रेचे येणे मला म्हणूनच पटते. गेल्या मोसमात त्याने 180 इनिंग टाकल्या आणि दोनशेहून अधिक स्ट्राइक आउट घेतले. ईआरए चारच्या वर होता खरा, पण तो दर पाच-सहा दिवसांनी उभा राहतो आणि आज आपल्याला त्याचीच गरज आहे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि यँकीजचा पाठीराखा आहे, तेव्हा माझे मत त्या नजरेतून आलेले आहे हे आधीच नमूद करतो.

वूस्टरकरांचा इनिंगचा हिशेब एप्रिल ते सप्टेंबरसाठी अचूक आहे. मात्र ऑक्टोबरमध्ये तोच हिशेब अपुरा पडतो, कारण तिथे आठवा पिचर खेळत नाही. तिथे पहिले तीन खेळतात. आपण मालिका हरलात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात. आमच्याकडे मॅक्स फ्रीड आणि कार्लोस रोडॉन या दोघांनी मोसमात प्रत्येकी 195 इनिंग टाकल्या होत्या, म्हणून पहिला सामना गमावूनही आमच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी रोडॉनला उभे करता आले.

2024 च्या हिवाळ्यात पहिल्या दर्जाचे चार पिचर जागा बदलून गेले आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. फ्रीड आमच्याकडे आठ वर्षांसाठी 21.8 कोटी डॉलरला आला. कॉर्बिन बर्न्सने ॲरिझोनाशी सहा वर्षांचा 21 कोटींचा करार केला. अकरा सामने झाले आणि जूनमध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. ब्लेक स्नेलला डॉजर्सनी पाच वर्षांसाठी 18.2 कोटी दिले. तो खांद्याच्या दुखण्याने बहुतेक मोसम बाहेर होता, फक्त 61 इनिंग टाकू शकला. पण नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत मिलवॉकीविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने आठ इनिंगमध्ये एकच हिट दिली, दहा स्ट्राइक आउट घेतले, आणि पुढे डॉजर्सनी विजेतेपद राखले. चौथा तुमचा क्रोशे. त्याच्यासाठी रोख पैशाऐवजी काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ असे चार तरुण शिकागो व्हाइट सॉक्सला द्यावे लागले. 2025 साठी त्याचा पगार 40 लाख डॉलरच्याही आत होता. एप्रिलमध्ये सहा वर्षांच्या 17 कोटींच्या करारावर त्याची सही झाली, आणि हा करार 2026 पासून लागू होतो.

या चौघांपैकी क्रोशेचा व्यवहार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. 2022 मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती आणि 2024 पूर्वी मेजर लीगमध्ये त्याने एकदाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती, म्हणजे धोका होताच. पण तो 25 वर्षांचा होता. तिशी उलटलेल्या पिचरला सात-आठ वर्षांचा करार देताना संघ त्याच्या उतरत्या काळाचेही पैसे मोजत असतो. तरुण पिचर ट्रेडने मिळवून नंतर त्याला बांधून घेतले, तर पैसा ऐन उमेदीच्या वर्षांवर लागतो. मात्र हे करायला मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरील संघांत) देण्याजोगे खेळाडू असावे लागतात.

आणखी एक मुद्दा. आमचा गेरिट कोल 2025 मध्ये मोसमापूर्वीच शस्त्रक्रियेमुळे बाहेर गेला, लुइस हील ऑगस्टपर्यंत नव्हता, जुलैमध्ये क्लार्क श्मिटही गेला. श्लिटलरचे पदार्पण झाले ते त्या वेळी. तो मॅसॅच्युसेट्समध्येच वाढला, बॉस्टनच्याच विद्यापीठातून खेळला आणि 2022 मध्ये सातव्या फेरीत आमच्याकडे आला. घरचा पिचर घडवण्याला पर्याय नाही, आणि तो घडवणारी प्रशिक्षकांची यंत्रणाही हिवाळ्यातच उभी करावी लागते.

फेनवेप्रेमी

दोघांचेही मनापासून आभार. मग माझ्या मूळ प्रश्नाचा उरलेला भाग पुन्हा विचारतो. क्रोशे, ग्रे आणि बेयो हे तीन धरले, तर उरलेल्या दोन जागांसाठी अर्ली, टोली, क्रॉफर्ड, सँडोव्हाल आणि डेव्हर्सला दुसऱ्या संघाला देऊन केलेल्या ट्रेडमध्ये आलेला काइल हॅरिसन असे पाच जण आहेत. हाउक 2026 मध्ये बहुधा खेळणार नाही. इतकी माणसे असताना वाल्डेझ किंवा स्वारेझला पाच-सहा वर्षांचा करार द्यावा का? दोघांनीही क्वालिफाइंग ऑफर नाकारलेली असल्याने ड्राफ्टमधील निवडही गमवावी लागेल.

पर्वतीपायथा

मी पुण्यात असतो. सामने इथे पहाटे लागतात आणि मी ते आवडीने पाहतो. पूर्वी क्लब पातळीवर क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजांना प्रशिक्षण देत असे, त्यामुळे तरुण खांद्यांवरच्या भाराबद्दल दोन शब्द लिहितो.

अर्ली आणि टोली यांच्यापैकी कोणीही व्यावसायिक खेळात एका मोसमात दीडशे इनिंग टाकलेल्या नाहीत. अशा मुलाला एकदम 180 इनिंग टाकायला लावणे म्हणजे रणजीचा एक मोसम खेळलेल्या पोराला पाच कसोटींच्या मालिकेत प्रत्येक सामना खेळवण्यासारखे आहे. शरीर काही काळ साथ देते, मग आधी वेग उतरतो, मग चेंडू सुटण्याची जागा बदलते आणि त्यानंतर दुखापत येते. टोली उंचपुरा आहे, त्याचा वेगवान चेंडू फार पुढे येऊन सुटतो, आणि पदार्पणात पॉल स्कीन्ससमोर उभा राहूनही तो डगमगला नाही. पण त्याचे इतर चेंडू अजून पक्के व्हायचे आहेत, आणि ते काम ट्रिपल-एमध्ये (मायनर लीगच्या सर्वांत वरच्या स्तरावर) चांगले होते.

म्हणून मी करार करावा असेच म्हणेन. माझी पसंती स्वारेझला राहील. त्याचा वेग कमी आहे, तरी त्याच्याकडे पाच-सहा प्रकारचे चेंडू आहेत, नियंत्रण उत्तम आहे आणि तो वाल्डेझपेक्षा दोन वर्षांनी तरुण आहे. वाल्डेझ अधिक इनिंग टाकतो आणि फलंदाजांना चेंडू जमिनीलगत मारायला लावतो, पण त्याच्यासाठी आतील क्षेत्ररक्षण चोख लागते, आणि गेल्या मोसमात बॉस्टनच्या चुका फार झाल्या. एडिसनकरांचा ऑक्टोबरचा मुद्दा आणि वूस्टरकरांचा इनिंगचा मुद्दा या एका कराराने बऱ्याच अंशी सुटतात, कारण मग बेयो चौथा होतो आणि अर्ली पाचवा किंवा सहावा.

एक व्यावहारिक बाबही ध्यानात घ्यावी. 26 जणांच्या संघात जास्तीत जास्त तेरा पिचर ठेवता येतात, आणि मायनर लीगमध्ये पाठवलेल्या पिचरला एखाद्या जखमी खेळाडूच्या जागी बोलावले नाही तर किमान पंधरा दिवस तिथेच राहावे लागते. ज्यांना असे वर-खाली करण्याची मुभा नियमानुसार उरलेली आहे, तेच सहावे आणि सातवे पिचर म्हणून कामाचे. अर्ली, टोली आणि हॅरिसन वूस्टरच्या ट्रिपल-ए संघातून आळीपाळीने येऊ शकतात. सँडोव्हालसारख्या अनुभवी पिचरला तसे पाठवता येत नाही. वसंतातील सरावात त्याचा हात ठीक दिसला, तर त्याला एप्रिलमध्ये बुलपेनमध्ये, एका दमात अधिक इनिंग टाकण्यासाठी, ठेवावे आणि जागा रिकामी झाली की फळीत घ्यावे, आणि क्रॉफर्डला घाई न करता मायनर लीगमधल्या चार-पाच सामन्यांनंतरच परत आणावे.