जुन्या मोटारसायकलची बॅटरी चार्ज होत नाही, दोष कुठे शोधू?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी जुनी, १२ व्होल्टची. नवी बॅटरी टाकली तरी काही दिवसांतच सेल्फ मान टाकतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळतात. रेस दिल्यावर ते १४ च्या आसपास जायला हवेत, पण १२.३ च्या वर जातच नाहीत.

स्टेटरचा (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवून तिन्ही पिवळ्या वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजलं. तिन्ही जोड्यांत सारखं येतं, रेससोबत वाढतं, आणि एकही वायर बॉडीला शॉर्ट नाही. म्हणजे कॉइल ठीक असावी. सगळे सांगतात, रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) बदल. पण त्याच्या कपलरमध्ये बॅटरीकडे जाणारी पिन काळी पडलीय, भोवतीचं प्लास्टिकही वितळलंय. माझा संशय तिथेच आहे. तो सांधा तसाच ठेवून नवा रेग्युलेटर लावणं मला पटत नाही.

रेग्युलेटरच्या आउटपुटपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, गाडी चालू ठेवून, किती व्होल्टेज ड्रॉप (वाटेत कमी होणारं व्होल्टेज) चालतो? आणि वायरी थेट सोल्डर केल्या तर हादऱ्यांनी तुटतील का, की क्रिंप केलेला (पिना वायरीवर दाबून बसवलेला) नवा कपलरच बरा? गाडी वडिलांची आहे, मूळ वायरिंग शक्यतो जपायचंय. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.