प्रतिसाद: पद्मिनीचा सीओ कमी करताना

आपल्या १९९२ च्या प्रीमियर पद्मिनीचा सीओ (धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू) पीयूसी या प्रदूषण तपासणीत ४ टक्क्यांच्या वर आला आणि मेकॅनिकने थेट कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) बदलायला सांगितले, असे आपण लिहिले आहे. कृपया एवढ्यात तो खर्च करू नये. भारत स्टेज २ या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेले इंधन) १५०० पीपीएम (दहा लाखांत १५०० भाग) अशी मर्यादा आहे, आणि इंजिन सुस्थितीत असेल तर ती गाठणे अवघड नाही.

सीओ वाढणे म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त असणे. म्हणून आधी एअर फिल्टर तुंबून हवा अडत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर चोकची (थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवणाऱ्या यंत्रणेची) केबल गंजून अडकल्यामुळे चोक अर्धवट लागलेला राहत नाही ना, हे बॉनेट उघडून स्वतः तपासावे, कारण जुन्या पद्मिनीत हा दोष सहज नजरेआड होतो. प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि ठिणगीचे टायमिंग ठीक केल्यावरच, दहा-पंधरा मिनिटे चालवून तापलेल्या इंजिनावर, कार्ब्युरेटरवरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्यावा, म्हणजे पेट्रोल कमी होते, आणि दर वेळी आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) पूर्ववत करावे. ही चाचणी आयडलिंगवर होत असल्याने या स्क्रूचा परिणाम लगेच दिसतो. तो फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असण्याची शक्यता मोठी आहे.

मात्र सीओ कमी करण्याच्या मोहात मिश्रण फार पातळ (पेट्रोल फार कमी) करू नये. त्यामुळे मिसफायर सुरू झाला, म्हणजे मिश्रण नीट पेटेनासे झाले, की न जळलेले पेट्रोल बाहेर पडून हायड्रोकार्बन वाढतात आणि गाडी दुसऱ्या आकड्यावर नापास होते.