स्नायुपेशी की मांसपेशी? आणि 'सिग्नलिंग'ला काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ: वजनं उचलल्यानंतर संप्रेरकं स्नायूंत काय घडवतात, या विषयावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. 'मसल सेल सिग्नलिंग'साठी मी 'स्नायुपेशीतील संकेतन' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'मांसपेशींमधील संकेतन' केलं. मांसपेशी मला खटकतंय, पण खरी अडचण 'सिग्नलिंग'ची आहे.

कोंदण: मांसपेशी हिंदीतलं. तिकडे सेलला कोशिका म्हणतात, म्हणून पेशी हा शब्द मसलसाठी मोकळा राहिला. आपल्याकडे पेशी म्हणजे सेलच.

जुनापान: हिंदीवर ढकलू नका. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितलेत. तिथे पेशी म्हणजे मसल, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर. अर्थ मराठीने सरकवले.

कोंदण: सरकवले तर सरकवले! 'स्नायू दुखावला' म्हटल्यावर कोणाला दोर आठवतात?

रानवारा: 'स्नायुतंतू' लिहा. स्नायूची पेशी म्हणजे एक लांबलचक तंतूच, आत अनेक केंद्रकं असलेला.

जुनापान: आणि तंतूला बाहेरून चिकटलेल्या उपग्रह पेशी? व्यायामानंतर डागडुजीला त्याच धावतात. त्या तंतू नव्हेत.

शब्दवेल्हाळ: सिग्नलिंग राहिलंच.

मितवा: 'संदेशवहन' घ्या. संकेत म्हणजे नुसती खूण. इथे निरोप हातोहात पुढे जातो. आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक पेशीपटलावरच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, बाहेरूनच चिकटतं, मग आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे करत निरोप प्रथिननिर्मितीला चालना देणाऱ्या एमटॉर या प्रथिनापर्यंत पोचतो. टेस्टोस्टेरॉन मात्र स्वतः आत शिरतं, त्याचा ग्राही केंद्रकात जाऊन जनुकांना कामाला लावतो. 'संप्रेरक'मध्येही ईर्, म्हणजे हलवणं, हाच धातू आहे. स्टार्लिंगने १९०५ साली वापरात आणलेल्या 'हॉर्मोन'च्या ग्रीक मुळाचा अर्थही चेतवणं असाच.

जुनापान: टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत वहन कुठलं? निरोप्या स्वतःच घरात आला की.

रानवारा: शब्दाआधी वाक्य तपासा. व्यायामानंतर वाढलेली ही संप्रेरकं थोड्याच वेळात पूर्वपदावर येतात, स्नायूतली प्रथिननिर्मिती मात्र दुसऱ्या दिवशीही वाढलेली असते. एमटॉरला स्नायूवरचा ताण थेटही जागं करतो. 'संप्रेरकांच्या त्या उसळीमुळे स्नायू वाढतात' असं कृपया छापू नका. आणि 'रेझिस्टन्स एक्सरसाइज'ला 'प्रतिरोध व्यायाम'ही नको. पुढे 'इन्सुलिन-रोध', म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं, आला की वाचक दोन्ही रोध एकच समजेल, आणि हा व्यायाम तर तो रोध कमी करतो.

कोंदण: मग 'भारव्यायाम'?

जुनापान: रबरी पट्टा ओढताना भार कुठला? तिथे ताण असतो.