शब्दचर्चा : 'वाहक' म्हणजे नक्की कोण, डास की माणूस?

अबोली:

नमस्कार मंडळी, एका शब्दावर तीन दिवस अडकलेय. मलेरियाच्या परजीवीवरच्या संशोधनाचा सारांश मराठीत करायचं काम हातात आहे आणि वाचणारे साधे लोक आहेत, शास्त्र शिकलेले नाहीत. व्हेक्टर, म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा डासासारखा जीव, त्याला मी सरळ 'वाहक' लिहून टाकलं, सगळीकडे तेच लिहितात म्हणून. पुढे कॅरियर आलं, म्हणजे ज्याच्या अंगात जंतू आहेत पण स्वतःला काहीच त्रास नाही असा माणूस, तर त्यालाही 'वाहक'च. लिहिताना मला काही खटकलं नाही. मसुदा बहिणीला वाचायला दिला तर ती "वाहकाच्या शरीरात परजीवीची वाढ पूर्ण व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात" या वाक्यावर थांबली आणि म्हणाली, म्हणजे पेशंटला दहा-बारा दिवसांनी ताप येतो, असंच ना? वाक्य डासाबद्दल होतं! आणि तिने काढलेला अर्थही खोटा वाटत नाही, कारण डास चावल्यापासून ताप यायलाही बऱ्याचदा तेवढेच दिवस जातात. तिने मोठ्याने विचारलं म्हणून कळलं, नाहीतर ही चूक कुणाच्याच लक्षात आली नसती.

मागे एका माहितीपत्रकात "वाहकांपासून दूर राहा" असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय. लिहिणाऱ्याला डास म्हणायचे होते, पण वाचणाऱ्यांनी नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसांशी बोलणं टाकलं. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, एका शब्दामुळे माणसं एकटी पडली.

कॅरियरचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन. स्वतः ठणठणीत, पण ती ज्या घरांत स्वयंपाक करायची तिथे टायफॉइड व्हायचा. १९०७ मध्ये तिला पहिल्यांदा वेगळं ठेवलं, मग सोडलं, १९१५ मध्ये परत नेलं ते १९३८ मध्ये ती जाईपर्यंत. ती बाई आणि मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाची मादी यांना एकच शब्द कसा चालेल? तुम्ही लोक काय वापरता?

रानवाट:

अबोलीताई, अगदी महत्त्वाचा प्रश्न काढलात. मी जनावरांच्या रक्ताच्या स्लाइड बघतो, आमच्याकडे गोचीड म्हणजे रोजचा विषय, आणि मला 'वाहक' हा शब्द गोचिडीला फार हलका वाटतो. वाहक म्हणजे इथून उचललं, तिथे ठेवलं. घरमाशीला ते बरोबर बसतं, घाणीवर बसली, पायाला जंतू चिकटले, अन्नावर बसली, झालं. जंतूंचं तिच्या पायावर काही घडत नाही.

पण गोचिडीतून गुरांना होणारा बबेसिया हा रक्तातला परजीवी घ्या. स्लाइडवर तांबड्या पेशीच्या आत पेरूच्या बीसारखे नाही, नासपतीसारखे, एका टोकाला निमुळते असे दोन-दोन जोडीने दिसतात, निमुळती टोकं एकमेकांकडे. एकदा पाहिले की विसरत नाही माणूस. जनावराला ताप येतो, लघवी लाल होते. आता गंमत अशी की ज्या गोचिडीतून हा रोग पसरतो ती आयुष्यभर एकाच जनावरावर राहते, रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, अंडी घालते आणि मरते, दुसऱ्या जनावराला ती चावतच नाही. मग रोग जातो कसा? तर परजीवी तिच्या अंड्यांत उतरतो आणि त्यातून निघालेली पिल्लं नवीन जनावरावर चढतात ती रोग घेऊनच. रक्त पिणारी एक पिढी आणि रोग देणारी पुढची. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेत गुरांच्या तापावर काम करून १८९३ मध्ये हे दाखवून दिलं, रोनाल्ड रॉसने मलेरियाचा परजीवी डासात शोधला त्याच्याही आधी. एवढा सगळा व्यवहार गोचिडीच्या अंगात होतो आणि आपण तिला नुसतं वाहक म्हणायचं? मी 'रोगप्रसारक' लिहितो.

निरगुडी:

रानवाट, गोचिडीचं फारच छान सांगितलंत, पण 'रोगप्रसारक' मला पटत नाही. खोकणारा माणूसही रोगाचा प्रसार करतोच की, म्हणजे अबोलीचा घोळ तसाच राहिला, फक्त शब्द लांब झाला.

मी पिकांच्या रोगांवर काम करते. शेतकरी या जागी नामच वापरत नाही, तो म्हणतो "हा रोग पांढऱ्या माशीमुळे येतो", "माव्यामुळे येतो". किड्याचं नाव घेतलं की विषय संपला. आणि नाव नीट घेणं किती गरजेचं आहे याला 'केवडा' हे उदाहरण बघा. भेंडीची पानं पिवळी पडतात, आधी शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, जाळी टाकल्यासारखं दिसतं, मग अख्खं पानच पिवळं, त्याला केवडा म्हणतात. बाजरीवरही केवडा असतो, त्यालाच कुणी गोसावी म्हणतात, कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका येतो. भेंडीचा केवडा विषाणूमुळे, पांढरी माशी तो पसरवते. बाजरीचा बुरशीसारख्या जीवामुळे, त्यात माशीचा काही संबंध नाही. नाव रंगावरून पडलं, कारण वेगवेगळं. भेंडीवर बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही, पण नाव एकच म्हटल्यावर औषध एकच असं वाटणारच. मला हे शब्द फार आवडतात, तांबेरा, भुरी, करपा, एकेका शब्दात पान डोळ्यासमोर उभं राहतं, पण ते लक्षण सांगतात, रोग कशामुळे झाला ते नाही, हे प्रत्येक वेळी सोबत लिहावं लागतं.

'लागण'चंही तेच. उसाची लागण म्हणजे ऊस लावणं आणि रोगाची लागण म्हणजे रोग लागणं. "लागण झाल्यावर तीन आठवड्यांनी फवारणी" असं लिहिलं तर कोणत्या लागणीपासून मोजायचं? मी आता लावणीला 'लागवड' आणि रोगाला 'लागण' असं कटाक्षाने ठेवते.

रानवाट:

हे लागणीचं कधी डोक्यात आलं नव्हतं. अजून एक जोडी, जंत आणि जंतू. मूळ संस्कृत शब्द एकच, जन्मलेला तो जन्तु, म्हणजे कुठलाही जीव. मराठीत मात्र पोटातले डोळ्यांना दिसणारे ते जंत आणि न दिसणारे ते जंतू असं लोकांनी स्वतःच वाटून घेतलं. त्यामुळे "जंतांचं औषध" आणि "जंतुनाशक" यात कुणाची गल्लत होत नाही. तशीच वाटणी 'वाहक'ची करता आली तर प्रश्न सुटेल.

अबोली:

रानवाटदादा, निरगुडीताई, दोघांचे मनापासून आभार, बरंच सुटलं. ठरवलंय ते असं, 'वाहक' फक्त माणसासाठी ठेवायचा, कारण थॅलेसेमियाच्या बाबतीत "आई वाहक आहे" हे लोकांना आता माहीत आहे आणि तिथेही अर्थ तोच, स्वतःला त्रास नाही पण अंगात आहे. डासाला डासच म्हणायचं. जिथे सगळे किडे एकत्र सांगायचे तिथे "रोग पसरवणारे कीटक", आणि गोचीड कीटक नाही, तिला आठ पाय, म्हणून "कीटक आणि गोचिडी" असं लिहिणार.

पण आता 'यजमान' उरला. होस्ट, म्हणजे ज्याच्या अंगात परजीवी राहतो तो, त्याला मी यजमान लिहिलंय. मूळ अर्थ यज्ञ करवून घेणारा, मग पाहुण्यांचं आगतस्वागत करणारा, आणि इथे तर पाहुणा न बोलावता शरीरात शिरतो. तरी निरगुडीताईंच्या क्षेत्रात 'यजमान पीक' रुळलेलं आहे, म्हणून राहू दे म्हटलं. पण मलेरियात परजीवीचं नर-मादी मीलन डासाच्या पोटात होतं, माणसात नाही, त्यामुळे शास्त्राच्या हिशेबाने डास हाच डेफिनिटिव्ह होस्ट आणि माणूस मधला. रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला डासाच्या पोटाच्या भिंतीत ज्या काळे कण असलेल्या गोल पेशी पाहिल्या, त्या या मीलनानंतरच्याच. याला 'अंतिम यजमान' लिहिलेलं दिसतं, पण वाचणाऱ्याला वाटणार की परजीवी शेवटी तिथे जाऊन संपतो, आणि खरं तर तिथून परत माणसात येतो. 'मुख्य यजमान' चालेल का? का सरळ "ज्याच्या अंगात परजीवीचं मीलन होतं तो" एवढं लांब लिहू?

निरगुडी:

मुख्य यजमान लिही आणि पहिल्यांदा येईल तिथे ते लांब वाक्य पण दे. गव्हाच्या तांबेऱ्यात पण असाच घोळ आहे, त्या बुरशीला आयुष्य पूर्ण करायला गहू आणि बारबेरीचं झुडूप असे दोन यजमान लागतात, जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६५ मध्ये ते सिद्ध केलं. तिथे बारबेरीला 'पर्यायी यजमान' म्हणतात, आणि विद्यार्थी दरवेळी विचारतात की गहू नसला तर बारबेरी चालते का. 'पर्यायी' ऐवजी मी 'दुसरा यजमान' म्हणायला लागले तेव्हापासून तो प्रश्न बंद झाला.