बॅटरीसकट मोबाईल टपालाने: नियम शहाणा की आडमुठा?

तिरकी रेघ: विमानात प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, कोणी हरकत घेत नाही. तोच फोन खोक्यात घालून टपालात दिला की लगेच 'धोकादायक माल'! काही देशांचं टपालखातं हवाई पार्सलात तो घेतच नाही. घेणारे म्हणतात, एका पार्सलात उपकरणाच्या आत असलेले चार सेल (बॅटरी ज्या एकेका घटकाची बनते तो) किंवा दोन बॅटऱ्या, बस्स. सुटी बॅटरी तर हवाई टपालात सरसकट बाद. भुर्दंड कुणाला? 'आत मोबाईल आहे' असं खरं लिहिणाऱ्याचं पार्सल परत येतं, 'खेळणी' लिहिणाऱ्याचं बिनबोभाट पोचतं.

विझलेली वात: खिशातल्या फोनातून धूर निघाला तर शेजारचा ओरडतो, हवाई सुंदरी पाणी ओतते. सामानाच्या कप्प्यात कोण ओरडणार? लिथियम सेल एकदा आतून तापत सुटला की शेजारच्यालाही पेटवतो. कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली उष्णता थांबवू शकत नाही. सप्टेंबर 2010 मध्ये दुबईजवळ मालवाहू विमान पडलं, दोन्ही वैमानिक गेले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता.

तिरकी रेघ: साठा होता ना? मी एक फोन पाठवतोय हो, गोदाम नाही.

आकडेमोड्या: तुमच्यासारखे 'एकच फोन'वाले शेकडो जण एकाच थैलीत येतात, त्याचं काय? आणि नियम तुम्ही म्हणता तितका आंधळा नाही. नेहमीच्या फोनची बॅटरी घ्या: 5000 एमएएच गुणिले 3.85 व्होल्ट, भागिले 1000, म्हणजे साधारण 19 वॉट-तास, म्हणजे तिच्यात साठणारी ऊर्जा. धोकादायक मालाच्या कडक नियमांतून सूट मिळते ती सेलमागे 20 वॉट-तासांपर्यंत, बॅटरीमागे 100 पर्यंत. म्हणजे बहुतेक फोन डोळ्यासमोर ठेवूनच मर्यादा आखलेली दिसते. फोनच्या आत बॅटरीची टोकं झाकलेली असतात. सुट्या बॅटरीचं टोक किल्लीला लागलं तरी शॉर्ट होऊ शकतं. 1 एप्रिल 2016 पासून तर सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून चालत नाहीत.

पाना-पेचकस: सगळे नव्या फोनबद्दल बोलताय. दुरुस्तीला येणाऱ्यांचं काय? पाठीचं झाकण वर आलेलं, बॅटरी फुगलेली, आणि मालक म्हणतो "फक्त स्क्रीन बदलायचाय". खराब किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी हवाई मार्गाने पाठवायची नाहीच, फोनमध्ये असली तरी. 2016 साली सॅमसंगच्या गॅलक्सी नोट 7 चे फोन पेटले तेव्हा प्रवाशांना ते खिशातही नेऊ देईनात. मला विचाराल तर टपालाचा नियम अजून कडक हवा.

तिरकी रेघ: कडक करा, पण खरं सांगणाऱ्याला वाट ठेवा. 'घेत नाही' एवढं म्हणून खिडकी बंद करण्यापेक्षा विचारा: फोन बंद केलाय का? बॅटरी फुगलीय का? पार्सल रस्त्याने किंवा जहाजाने गेलं तर चालेल का?

विझलेली वात: आणि उत्तर खोटं दिलं तर? खिडकीवरच्या माणसाला खोक्याच्या आतलं दिसत नाही.

तिरकी रेघ: मग 'खेळणी' लिहिलेल्या खोक्याचं आतलं कुठे दिसतं? ते तर आत्ताही विमानात चढतंय.

पाना-पेचकस: चढतंय, आणि त्यातलं एखादं फुगलेलंही असेल. मी तर लोकांना सांगतो, उशीर झाला तरी चालेल, रस्त्याने पाठवा. फुगलेली असेल तर पाठवूच नका, जवळच कुठे तरी बॅटरी काढून घ्या.