रातवा म्हणजे नेमका कोण? आणि 'रातवाचे' की 'रातव्याचे'?

मंडळी, एका शब्दाने डोक्याला ताप दिलाय. भाचीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी पक्ष्यांच्या एका इंग्रजी व्हिडिओचं मराठी करत होतो, त्यात 'नाईटजार' आला, मोबाइलवर भाषांतराला टाकला तर उत्तर काय यावं, 'रात्रीची बरणी'. बरणी कसली डोंबलाची! मग एक मित्र म्हणाला रातवा लिही, दुसरा म्हणाला रातवा म्हणजे आपला पिंगळाच की. आता खरं काय, आणि लिहायचं कसं?

—

रातव्याचे. पारवा-पारव्याचे तसंच, अनेकवचन रातवे. मादीला उगाच 'रातवी' करू नका, मादी रातवा चालतं.

पिंगळा मात्र अजिबात नाही हो. पिंगळा म्हणजे ते गोल डोक्याचं, पिवळ्या डोळ्यांचं छोटं घुबड, ढोलीत राहतं. रातव्याला ढोली नाही, घरटं नाही, काडीसुद्धा गोळा करत नाही, मादी सरळ उघड्या जमिनीवर दोन अंडी घालते आणि तिथेच बसते, अंगावरचा रंग असा की वाळलेला पाला आणि ती यात फरकच कळत नाही. फांदीवर बसला तरी आडवा नाही बसत, फांदीच्या लांबीला धरून चिकटून बसतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं खोडाची गाठ आहे.

—

शब्दात तो 'वा' कुठला? गारवा, गोडवा, ओलावा मधलाच का?

—

नाही, तिथे 'वा' विशेषणाला लागून भाववाचक नाम होतं, गार-गारवा. रात हे मुळात नामच आहे आणि रातवा काही भाव नाही, चांगला पिसं असलेला प्राणी आहे. वर पारव्याचं उदाहरण आलंय पण तो 'वा' संस्कृत पारावतातून घासत आलेला, त्याचाही इथे संबंध नाही. कानाला सारखे लागतात म्हणून एका माळेत ओवायचे नाहीत. मला तर रातवा हा रातकिडा, रातराणी यांच्या बिरादरीतला वाटतो, वेळेवरून पडलेलं नाव.

आणि वेळेवरून पडलं हेच बरं झालं, कारण बाकीच्यांनी या बिचाऱ्याची बदनामीच केलीये. त्याचं शास्त्रीय नाव कॅप्रीमलगस, लॅटिनमध्ये सरळ अर्थ शेळ्यांचं दूध काढणारा. रोमन काळातल्या प्लिनी नावाच्या लेखकाने लिहून ठेवलं की हा रात्री गोठ्यात शिरून शेळ्यांच्या आचळांना लागतो, मग आचळं आटतात आणि शेळ्या आंधळ्या होतात. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये तेच नाव पक्कं केलं, जर्मनही त्याला शेळी पिळणाराच म्हणतात. खरी गोष्ट एवढीच की गुराढोरांभोवती किडे घोंघावतात आणि हा ते खायला येतो. चोच इवलीशी, पण तोंड उघडलं की जबडा पार डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटतो, त्या उघड्या तोंडाने उडता उडता पतंग आणि भुंगेरे गट्टम. असं तोंड अंधारात गोठ्यापाशी दिसल्यावर लोकांनी कथा रचली नसती तरच नवल.

इंग्रजीतल्या 'जार'चा बरणीशी संबंध नाही, तो कर्कश खरखरीचा आवाज. म्हणजे तिकडे कानावरून नाव, रोमला संशयावरून, आणि आपल्याकडे घड्याळावरून.

—

मी ॲरिझोनात असते, इकडच्या भाऊबंदाचं नाव पुअरविल, तो ओरडतोच तसं. इथल्या मूळ रहिवासी होपी लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ निजणारा. 1946 च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक पुअरविल खडकाच्या खोबणीत गारठून निपचित सापडला, मग कुठे शास्त्रज्ञांना कळलं की हा थंडीत आठवडेच्या आठवडे असा पडून राहतो. होपींना आधीपासून माहीत होतं!

—

एक खुसपट काढू का. रातवा नाव अर्धवटच बसतं. तो खरा हलतो तिन्हीसांजेला आणि पहाटे झुंजुमुंजु व्हायच्या आत, नाहीतर चांदणं असेल तेव्हा. अमावस्येच्या काळोखात त्याला तरी किडा कसा दिसणार. म्हणजे 'कातरवा' म्हणायला हवं होतं 😄

सासवडच्या पुढे मामाचं शेत आहे, दिवेलागणीला बाइकवरून जाताना कच्च्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये दोन लाल निखारे दिसतात, जवळ गेलो की चाकापुढून मातीचं ढेकूळ उडाल्यासारखं काहीतरी वर जातं आणि आवाज म्हणाल तर शून्य, पिसं इतकी मऊ. मग जरा वेळाने बांधाकडून सुरू होतं, टुक्... टुक्... टुक्-टुक्-टुकरर्र, टेबलटेनिसचा बॉल फरशीवर सोडून दिल्यावर शेवटी कसा भराभर टपटपतो, अगदी डिट्टो. तो आपला भारतीय रातवा. मामा त्याला कुठलंच नाव घेत नाही, नुसतं म्हणतो, "हळू चालव रे, ढेकळं बसलीत रस्त्यावर."

—

सगळ्यांचे आभार, बरणी खोडून रातवा केलाय. भाचीला कातरवा जास्त आवडला पण बाई मार्क कापतील. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर मात्र तिने चित्र काढलंय, रस्ता, बाइक आणि दोन ढेकळं, ढेकळांना लाल डोळे.